कोंबड्यांचा गणवेश (तुझ्या येण्याशी काहीही संबंध नाही)

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकलेला आधीपासूनच होतो, नमस्कार तेवढा नवा.)

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं छान. दवाखान्यातली मेट्रनची नोकरी संपवून तू कायमची आमच्याकडे राहायला येणार, हे कळल्यापासून घरात आनंदीआनंद आहे. तुझ्या भावजयीला तर इतका आनंद झाला की तिची वाचाच बसली. मी विचारलं, काय गं, चालेल ना? तर फडताळ पुसायला लागली. एका ओट्याशी दोन बायका, त्यातली एक मेट्रन, या विचाराने माझी झोप उडाली आहे असं तुला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. आणि हे पत्र त्याबद्दल नाहीच. कोंबड्यांबद्दल आहे.

आपल्या शिलाईच्या दुकानामागे परसात पाच जुन्या कोंबड्या आहेत, हे तुला ठाऊकच आहे. त्यांची मुकादम म्हणजे थोरली. तिचं खाऊन झाल्याशिवाय दुसरीने दाण्याला चोच लावायची नाही. त्यात घर बदलून निघालेल्या बेकरीवाल्याकडून मी तीन नव्या आणल्या. तुझी भावजय म्हणाली, मध्ये जाळी लावा, थोडे दिवस लांबून बघू देत एकमेकींना, मग सोडा. पण बायकोचं पहिल्या फटक्यात ऐकायचं नाही हा माझा नियम (दुसऱ्या फटक्यात ऐकतो, म्हणून तर संसार टिकला). दिल्या सोडून. जुन्यांनी नव्यांना असं फोडून काढलं की पिसांनी एक उशी भरली असती. (खरंच भरली. तुझ्यासाठी ठेवली आहे.) नव्या तिघी धावत दुकानात शिरल्या त्या थेट माझ्या मशीनखाली. आता पायडल मारायचं कसं? एकीने तर बटणांच्या डब्यात अंडं घातलं, आणि मी बटण म्हणून तेच गिऱ्हाइकापुढे धरलं.

मग मी शिंप्याच्या डोक्याने विचार केला. भांडण कशाचं? तर ही आपली, ती परकी. शाळेत पोरांना गणवेश कशाला घालतात? सगळी सारखी दिसावीत म्हणून. शाळेच्या शर्टांचं निळ्या चौकड्यांचं कापड उरलंच होतं. ताई, कोंबडीचं माप घेणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. छाती भरपूर, खांदा मुळीच नाही, आणि गळ्याला टेप लावला की कोंबडी तो टेपच गिळायला बघते. पंखांपाशी मोकळं कापलं, बंद पाठीवर घेतले (पुढे घेतले तर स्वतःच सोडतात), आणि आठजणींना आठ बंड्या शिवल्या. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असं फिटिंग मी नवरदेवांनाही दिलेलं नाही.

परिणाम असा झाला की कुणीच कुणाला ओळखेना. आधी पाच विरुद्ध तीन असं तरी होतं, आता जी ती सगळ्यांविरुद्ध. थोरलीला तर सगळ्यात मरतुकड्या कोंबडीने धोपटलं, कारण ही थोरली आहे हे त्या बिचारीला कळलंच नाही. नेमके तेव्हाच शाळेचे हेडमास्तर शर्टांची चौकशी करायला मागच्या दाराने आले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग एवढंच म्हणाले, "आमच्याकडे मधल्या सुट्टीत हेच असतं." आणि शर्ट न घेताच गेले.

शेवटी तुझ्या भावजयीने सगळ्या बंड्या सोडल्या, मध्ये जाळी ठोकली, आणि काही दिवसांनी काढून टाकली. आता आठहीजणी एका दांडीवर बसतात. फक्त थोरली अगदी टोकाला बसते. दाणे टाकले की बाकीच्यांचं होईपर्यंत थांबते. मी मशीन थांबवून तिच्याकडे बघत बसतो गं. तुझी भावजयही हातातलं काम टाकून तिच्याकडेच बघत असते. काय विचार करतेस, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

असो. लवकर ये. घर तुझंच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. समोरच्या फोटोग्राफरच्या माडीवरची खोली रिकामी आहे. खिडकी बरोबर आपल्या स्वयंपाकघरासमोर येते. आल्या आल्या थोडे दिवस तिथे राहिलीस तर? दोघींनी लांबून एकमेकींना बघावं, हात हलवावा, एवढंच. याचा कोंबड्यांशी काहीही संबंध नाही.

आणखी एक ता. क. वरचा ता. क. मनावर घेऊ नकोस. खोलीचं मात्र बोलून ठेवलं आहे.

ताई, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याच हातात दिलं, म्हणून खाली मी लिहिते आहे. खोलीबिली काही नाही. तुम्ही येणार हे कळल्यावर मी गप्प होते, कारण आनंद बोलून दाखवला तर यांच्या त्या नियमापायी तुमचा बेत मोडेल अशी भीती वाटली. इतकी वर्षं यांचं सगळं मी एकटीने ऐकलं. आता निम्मं तुम्ही ऐका. सरळ घरी या.