आढ्याची वीस कणसं

आता दवाखान्यातल्या मॅडम मला बियाण्याचं शिकवून राह्यल्या, माय, अन् मी मुकाट ऐकून घ्यायचं! तू गेल्यावर नवऱ्याकडून मला एचआयव्ही आला. तो गेला, मी गोळ्यांवर आहे. यंदा रक्तात विषाणू पुन्हा वाढलेत. म्हणून मॅडम माझं जुनं अन् नवं रक्त ताडून बघतात. अंगात विषाणू लाखोंनी असले तरी वंश पुढं चालतो तो थोड्यांचाच म्हणे. ते थोडे किती, याचा त्यांना अंदाज काढायचाय. गोळीला न जुमानणारे किती लवकर माजतील, ते त्यावरून कळतं.

मी म्हणलं, "यात नवं काय? खळ्यावर ज्वारीची रास पडायची, पण बियाण्याला माय वीसच कणसं आढ्याला टांगायची. पुढच्या साली सगळं रान त्या विसांचं."

मॅडम हसल्या. "बराबर बोललात मावशी. आम्हाला रास नको, ती वीस पाहिजेत." मंग हळूच विचारलं, "मधे गोळ्या सोडल्या होत्या का? सोडल्या असतील तर आमचा अंदाज पार चुकेल. अन् तुमची गोळी बदलायची की नाही, तेही कळणार नाही."

"बिलकुल न्हाई," मी म्हणलं.

एकदा तू माहेरी गेल्तीस. घरात पीठ नव्हतं. मी आढ्याची कणसं मळून दळून आणली, अन् बडवायच्या राहिलेल्या ढिगातली कसलीही वीस त्या जागी टांगली. दुसऱ्या साली रान असं, की कुठं धाट गुडघ्याला, कुठं डोक्यावर. तू बांधावर उभी आहेस, आबा चिडलेत, अन् तू म्हणतेस, "पाऊसच तसला झाला यंदा." माझ्याकडं बघतसुद्धा नाहीस. दुपारी मात्र माझ्याच भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा.

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी दोन महिने घनसावंगीला होते. तिच्या सासूला डबी दिसू नये म्हणून गोळ्या घरीच ठेवल्या. हे मी कुणालाच सांगितलं नाही. हा कागदही त्याच डबीत ठेवणार, पाठवायचा तरी कुठं?

सोमवारी सकाळच्या बसनं जालन्याला जायचंय, मॅडमसमोर बसायचंय. ती कणसं मी बदलली, हे तुला कळलं होतं का? कळूनही लोणी वाढलं असशील, तर मी खरं सांगून टाकते. रविवारपर्यंत जवाब दे.