नागीण, गेरू आणि पाळणा

३१ ऑक्टोबर
उजव्या कुशीत आग. वर चार फोड. डास असणार, पनवेलचे. नातीचं बारसं ९ तारखेला, उरणला, सूनबाईच्या माहेरी. पाळणा मीच रचणार, मीच म्हणणार. वर्गात मी कविता म्हणायला लागलो की मुलं डोळे मिटून ऐकत. वसुंधरा म्हणते, झोपत.

१ नोव्हेंबर
फोड चौदा. ओळीने, वृत्तात बसवल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, नागीण. दिवसाला पाच गोळ्या, वेळेवर. फोड झाकायचे, चोळायचे नाहीत. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत बाळाजवळ जायचं नाही. सोपं आहे. उद्यापासून कडक शिस्त.

३ नोव्हेंबर
शिस्त चालू. काल तीन गोळ्या, आज दोन. पोटात गोळी असली की यमक सुचत नाही. पहिलं कडवं मात्र झकास.
दारावर भाजीवाली गोदा आली. म्हणाली, आजोबा, गोल्यांनी काय व्हत नाय, गेरू लावा. नागिणीचं तोंड नि शेपूट मिललं का खेल खलास! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. दोन टोकांमधलं अंतर टेपने मोजलं. अठ्ठावन्न सेंटिमीटर. हे शास्त्र.

५ नोव्हेंबर, सकाळी ७
अठ्ठावन्नच. दिवाळीत कुंड्या रंगवून गेरू उरला होता. वाया का घालवा? लावला.

७ नोव्हेंबर
सगळं कोरडं, कडक, तांबूस. खपली! वसुंधरेला दाखवली. म्हणाली, अहो, अशी खपली आपल्या तुळशीच्या कुंडीवरही आहे. दुर्लक्ष केलं. गोळ्या बंद. रेशमी सदरा इस्त्रीला. पाळण्याची आठ कडवी तयार. ती पोळ्या लाटताना रोज दोनदा ऐकवतो.

८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी ओल्या कापसाने पुसलं. पुसतच राहिले. खाली सगळं ओलं, शिवाय नवे फोड. गोळ्या पुन्हा सुरू. हा उद्योग कुणी सांगितला, विचारलं. म्हटलं, घरच्यांचा आग्रह. वसुंधरा शेजारीच बसली होती.
दारात उभं राहून म्हणू का पाळणा? म्हणाले, सर, फोनवरून म्हणा.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
वसुंधरा सकाळीच उरणला गेली. व्हिडिओ कॉलसाठी सदरा घातला. टोचला, काढला. बनियनवर बसलो. मुलाचा, अपूर्वचा फोन आला तेव्हा पाळणा हलत होता आणि वसुंधरा गात होती. माझाच, शब्दन्‌शब्द. तीन कडवी. पाच गाळली. बाळ दुसऱ्याच कडव्याला डोळे मिटून ऐकू लागलं.
किती गोड, कुणी रचला, विहीणबाईंनी विचारलं. मी इकडून 'मी, मी' असं ओरडलो. अपूर्व म्हणाला, बाबा, हळू, बाळ उठेल. फोन बंद.
सहाची गोळी वेळेवर घेतली.