झाकलेल्या कोपऱ्यात घडलेल्या जबड्याबाबत

प्रति,
माननीय गुणवत्ता-संचालक,
दार अल-मअदन कृत्रिम अवयव निर्मितिशाळा,
नुवासर, कासाब्लांका.

अर्जदार: बतूल अल-घाझवानी, कॅमेरा-निरीक्षक, लेझर विभाग.

विषय: सफी येथील सी जिलाली यांच्यासाठी बनवलेला टायटॅनियमचा जबडा रुग्णालयात न पाठवण्याबाबत.

संदर्भ: याच विषयावरील माझे दोन अर्ज, 'दोषाचे छायाचित्र जोडलेले नाही' या शेऱ्यासह परत आलेले.

महोदय,

१. आमच्या यंत्रात धातूची भुकटी पातळ थराने पसरते, लेझर ती हवी तिथे वितळवतो, त्यावर पुन्हा थर, पुन्हा लेझर. वरचा कॅमेरा प्रत्येक थराचा फोटो घेतो. कुठे जास्त तापले, कुठे भुकटी कच्चीच राहिली, ते तेवढ्या वेळातच दिसते. वर पुढचा थर बसला की मग कोणाच्या बापाला दिसत नाही (शब्दाबद्दल क्षमस्व). आपणास हे ठाऊक आहे. अर्ज परत करणाऱ्यांना नसावे, म्हणून लिहिले.

२. रमजानात सूर्य मावळताना पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यंत्राच्या काचेवर येते. कॅमेऱ्याला वाटते डावा कोपरा पेटला, आणि यंत्र थांबते. नेमकी तेव्हाच सगळी पाळी खजूर आणि हरीरा सूपच्या वाट्या घेऊन बसलेली असते. म्हणून अजानीच्या आधी संगणकावर तो कोपरा झाकायचा, म्हणजे कॅमेऱ्याने तिकडे बघायचेच नाही, आणि उपवास सोडून आले की उघडायचा, असा आमच्याकडे रिवाज पडला आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण आपल्यासह सर्वांना माहीत आहे. सत्ताविसाव्या पवित्र रात्री पाळीप्रमुख सी मुफद्दल आणि बाकीचे सगळे हरीरा पिऊन थेट मशिदीत गेले. कोपरा झाकलेलाच राहिला. त्याच कोपऱ्यात सी जिलालींच्या जबड्याचा उजवा सांधा घडत होता.

३. सकाळी मी फोटो उघडले तर तो कोपरा ठार काळा. मात्र झाकणाच्या अगदी कडेला, लागोपाठच्या काही थरांवर, भगभगीत ठिपके दिसतात आणि ते सगळे काळ्या बाजूलाच सरकत गेले आहेत. चाचणीसाठी सोबत घडवलेली कांडी उत्तम निघाली. निघणारच, ती मधोमध उभी होती. तिच्या जोरावर जबडा उत्तीर्ण झाला. सी मुफद्दल म्हणाले, "बतूल, कॅमेऱ्यानं काही पाहिलंच नाही, म्हणजे काही झालंच नाही. कशाला घोर लावून घेतेस?" बोलताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते चार लेकरांचे बाप आहेत. माझा त्यांच्यावर राग नाही.

४. क्ष-किरणांनी आत पाहावे म्हणून मी अर्ज केला. क्ष-किरण तपासणीसाठी दोषाचा फोटो लागतो. फोटो नाही हाच तर दोष आहे, असे मी आपल्या कार्यालयात सांगून पाहिले. "फोटो नाही तर दोष कसला, लल्ला बतूल? उद्या सकाळी गाडी निघतेय. ईद तोंडावर आलीय, घरी जा, गोडधोड करा," असे उत्तर आज सकाळी मिळाले.

५. सी जिलाली प्लास्टिकचा नमुना लावून पाहायला आले होते. जाळी विणणारा माणूस, गाठीमुळे खालचा जबडा काढलेला. बोलता येत नाही, म्हणून त्यांची बायको लल्ला तामो बोलत होती. "पोरी, दीड वर्ष हा गाळलेल्या हरीरावर जगतोय. तुझा जबडा बसू दे, पहिली मसेमन पोळी मी स्वतः भाजणार, चांगली कडक!" महोदय, आत पोकळी राहिलेला धातू पहिल्या दिवशी तुटत नाही. रोज पोळी चावताना तडा वाढतो आणि एखाद्या दिवशी तो तोंडातच मोडतो. मला भीती वाटते, हे अर्जात लिहायचे नसते हे मला कळते.

६. आज दुपारी असरच्या नमाजाला विभाग रिकामा असताना मी तो जबडा पाठवणीच्या कपाटातून काढला, तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर बांधला आणि उजव्या सांध्यापाशी कापला. परवानगी घेतली नाही. मागितली असती तर आपल्या लोकांनी फोटो मागितला असता.

७. दोन्ही तुकडे कापडात गुंडाळले. कापलेली बाजू मी पाहिलेली नाही. आत पोकळी निघाली, तर या रमजानात त्या कोपऱ्यातून गेलेले इतर अवयव आज कोणाकोणाच्या अंगात आहेत? आणि नाही निघाली, तर एका भुकेल्या माणसाचा धडधाकट जबडा मी माझ्या हाताने कापला. तरी कृपा करून आपण स्वतः पाहावे. जे दिसेल ते मला सांगण्याआधी, कोपरा उघडा ठेवून नवा जबडा घडवायला आजच यंत्र सुरू करण्याचा आदेश द्यावा. शिक्षा त्यानंतर द्यावी, मी पळून जात नाही.

आपल्या दाराबाहेर बाकावर बसलेली,
बतूल अल-घाझवानी
२८ रमजान

सोबत:
१. खालचा जबडा, टायटॅनियम, दोन तुकडे.
२. माझे भिंग.