डाव्या बाजूची कोरडी नस

मी, मनिराम सुकराम कापगते, वय अदमासे एकसष्ट, पूर्वी नागपुरात डॉक्टरकीच्या एका शाळेत मुडदे चिरण्याच्या खोलीतला नोकर, हल्ली राहणार मुर्री, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. अंगात ताप नाही.

एक. राहते घर व बोडीच्या तळ्याखालच्या धानाच्या दोन्ही बांध्या पुतण्या गोपीचंद यास द्याव्या. त्याचा बाप, माझा थोरला भाऊ शालीकराम, याच्याशी बोडीच्या पाण्यावरून भांडून, ‘तुझं तोंड पाहणार नाही’ अशी शपथ घेऊन मी गाव सोडले होते.

दोन. पिचकाऱ्या व सुया शाळेत परत पाठवाव्या. आमगावच्या टेकचंद कंपाउंडरास देऊ नयेत, तो गुरांना वापरील. यांनीच मी मेंदूच्या नसांत शेंदरी मेण भरत असे. दर बाजूला तीन मोठ्या धमन्या. मधली खोल घळीतून वर येते, मेंदूच्या सालीवर फांद्या पसरते, आणि त्यांचे केसाएवढे धागे आत उतरतात. आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या तलावाचे पाट काढले, म्हणून माझा हात लवकर बसला.

तीन. कपाटातली बरणी. एकोणीस वर्षांपूर्वी स्टेशनावरून एक माणूस शाळेच्या दवाखान्यात आणला. उजवे अंग लुळे, वाचा गेलेली. साहेबांनी विचारले, “इसे कोई पहचानता है?” तो शालीकराम होता. माझ्याकडे पाहून रडत होता. मी शपथ पाळली आणि तोंड फिरवले. चौथ्या दिवशी तो बेवारशी म्हणून माझ्याच टेबलावर आला. मेण भरले, तर डावीकडच्या मधल्या धमनीची पुढची फांदी कोरडी राहिली. साहेब म्हणाले, ही फांदी बुजली की बोलणे जाते. माझे तर शाबूत होते. पेन्शनीत निघताना त्याच्या मेंदूची बरणी चोरून आणली.

वहिनी सुभद्राबाई अजून कुंकू लावतात. दर सणाला विचारतात, “तुमालेच आणाले गेले होते जी ते. तुमी आले, मंग ते काऊन नाही आले?” त्यांना सांगण्याची माझी छाती नाही. हा कागद त्यांना वाचून दाखवावा.

चार. गोपीचंदने बरणीतल्या बापाला नाव घेऊन आधी अग्नी द्यावा. माझी लाकडे वेगळी रचावी.

पाच. एवढ्या वर्षांचे मेण दगड झालेले आहे. तरी संक्रांतीपासून त्या कोरड्या फांदीत लाली चढते आहे. काल ती टोकाला पोचली. आज सकाळी कपाटातून मला कोणी घरच्या नावाने हाक मारली. मी आजही ओ दिली नाही.

सही : मनिराम सुकराम कापगते
साक्षीदार : १. खेमराज बिसराम लंजे (सही ओसरीवर बसून केली, आत आले नाहीत)
२. नंदलाल गोमाजी शिवणकर, निशाणी अंगठा
मुक्काम मुर्री, तालुका गोंदिया, जिल्हा भंडारा
ता. ११ मार्च १९३८