पाव की पाऊण

मेढा,
१६ नोव्हेंबर १९९६

प्रिय प्रियदर्शनीस,

आईचा सप्रेम जयभीम. पूर्ण नावानं हाक मारली की तू लहानपणी दचकायचीस, आता आपलं काय चुकलं म्हणून. आज दचकू नकोस. परवा जावईबापूंचं पत्र आलं. एक तारखेला तू हॉस्पिटलात राजीनामा देणार, कागद लिहून तयार आहे, असं महेंद्ररावांनी कळवलंय. अगं, अकरा वर्षांची नर्सची नोकरी! पत्र वाचल्यापासून तुझ्या बाबांनी दोनदा विचारलं, सांगलीची गाडी किती वाजता आहे म्हणून. मी म्हटलं, थांबा, आधी मला पत्र लिहू दे. त्यावर लिहिणारच आहे, पण एकदम मुद्द्यावर येणं मला जमत नाही. बत्तीस वर्षं शाळेत आधी उजळणी घेतली आणि मग नवा धडा, ती खोड अजून आहे.

बाबा ठणठणीत आहेत. कपाळावरच्या टाक्यांची खूण आता शोधावी लागते. रोज सकाळी चौकापर्यंत चालत जातात आणि येताना गावभरच्या बातम्या घेऊन येतात. परवाची बातमी नानासोंच्या पोराची. त्याची माहिती मुलीकडे पाठवली, त्यात उंची लिहिली ५.१०. म्हणजे पाच फूट दहा इंच, आपल्याकडं सगळे असंच लिहितात. मुलीचा मामा शिकलेला. त्यानं हिशेब केला, पाच दशांश दहा म्हणजे पाच दशांश एक, म्हणजे पाच फुटांवर जेमतेम बोटभर. पोरगं ठेंगणं आहे, असा निरोप आला. नानासो तणतणत माझ्याकडं आले, आवं बाई, तुमीच सांगा, धा मोठं का एक मोठं! मी दोन्ही बाजू समजावून सांगितल्या, तर म्हणाले, मंजे आमी बी बरोबर आन् त्यो बी बरोबर? ह्ये कसलं गणित! शेवटी पोरालाच मुलीच्या घरी पाठवलं. चौकटीला डोकं आपटू नये म्हणून ते वाकून आत गेलं आणि मामा गप्प बसला. आता साखरपुडा ठरलाय.

बाजारातली तऱ्हा आणखी वेगळी. अकिलाच्या बांगड्यांच्या दुकानात शालूबाई अडून बसलेली, मला अडीचच्याच पाहिजेत. अकिला दोन-आठच्या दाखवतेय, आवं मावशी ह्याच त्या, म्हणून सांगतेय, तर बाई ऐकेल तर शपथ. मला बोलावलं. मी सांगितलं, इंचाचे सोळा भाग, त्यातले आठ म्हणजे अर्धा, दोन-आठ म्हणजेच अडीच. शालूबाई म्हणाली, तुमचं शाळंतलं ऱ्हाऊ द्या शाळंत. मग अकिलानं तोच खोका खाली ठेवला, पाठ करून परत वर काढला आणि म्हणाली, ह्या घ्या अडीचच्या. झालं, शालूबाई खूश! मी पोट धरून हसले. हसता हसता अकिलानं मलाही काहीतरी विचारलं, मी मान डोलावली. घरी येऊन पिशवी उघडली तर डझनभर हिरव्या बांगड्या, दोन-चारच्या. माझ्या मुठीवरूनसुद्धा त्या चढेनात. बाबा हसले. मी त्या कपाटात मागं सारल्या.

सांगायचं काय, तर पाव, सव्वा, पावणेदोन, अडीच यांवर गावात कुणाचंही अडलं की बाईंना विचारायचं, अशी इथली रीतच आहे. मी सांगेन ते खरं. नानासोंसारखा भांडखोर माणूससुद्धा माझ्यापुढं शेवटी मान खाली घालतो. मला ते आवडतं, पोरी. का खोटं बोलू? नोकरी संपली तरी बाईपण संपलेलं नाही, याचा मला गर्व होता.

आता जुलैचं. बाबांची रक्तदाबाची गोळी होती पंचवीसची, ती अर्धी द्यायची. तू पाठवलेली नवी पाकिटं पन्नासची होती. गोळी दिसायला तेवढीच, उलट जरा बारीकच. म्हणून तू केरबाच्या बूथवर फोन केलास आणि मला बोलावून घेतलंस. माझ्या मागं तीन माणसं खोळंबलेली, बाहेर एसटी घरघरत होती. तू म्हणालीस, ही गोळी जास्त ताकदीची आहे, नीट ऐक. मग आलं ते एवढंच, पाव नं, आई. पुढं नुसती खरखर. पाव नं. माझ्या डोक्यात ते पाऊण म्हणून बसलं. केरबा म्हणालाही, बाई, परत लावू का फोन? मी त्याच्यावर खेकसले, मला ऐकू येतं म्हणून. घरी येऊन ब्लेडनं गोळीचे चार तुकडे केले, तीन बाबांना दिले, एक कागदात गुंडाळून ठेवला. तीन दिवस असं केलं. चौथ्या दिवशी ते उरलेले तीन तुकडे मिळून बरोबर पाऊण गोळी झाली, नवी फोडावीच लागली नाही. हिशेब कसा चोख बसला म्हणून मी खूश होते बघ. त्याच सकाळी बाबा नळापाशी कोसळले.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी किती देत होता? तू सांगलीहून धावत आलेली, तू म्हणालीस, पाव सांगितली होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, नाही, तू पाऊण म्हणालीस. रंगूआत्या बाबांच्या उशाशी बसली होती. ती लगेच म्हणाली, वैनी कशाला खोटं सांगंल? सारी हयात पाव-पाऊण शिकवण्यात गेलीय तिची. तू माझ्याकडं पाहिलंस. मग खालच्या आवाजात म्हणालीस, असेल आई, माझ्याच तोंडून गेलं असेल.

तू औषध आणायला गेलीस आणि मी व्हरांड्यात बसून गणित केलं. पंचवीसचे निम्मे साडेबारा. पन्नासचा पाव साडेबारा. पन्नासचे पाऊण साडेसदतीस, म्हणजे तिप्पट. चौथीच्या पोरांना घालायचं गणित हे, मी आयुष्यभर घातलंय. बाबांना पहिला तुकडा देण्याआधी एवढं केलं असतं तरी पुरे होतं. तू परत आलीस तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. मी तोंड उघडलं नाही. गणित चुकलं एवढंच सांगायचं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण का चुकलं ते सांगावं लागलं असतं. माझा डावा कान दोन वर्षांपासून गेलाय आणि उजवा त्याच वाटेवर आहे. कुणालाच ठाऊक नव्हतं, बाबांनाही नाही. बाईंना ऐकू येत नाही असं गावानं म्हणावं, याची मला भीती वाटली. नवरा खाटेवर पडलेला आणि मला माझ्या कानाची पडलेली. लाज वाटते गं.

पत्र आलं त्याच रात्री बाबांना सांगितलं. जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, माझं जाऊ दे, पण पोरीला चार महिने का जाळलंस? काल रंगूआत्याच्या घरी जाऊन तिलाही सांगितलं, तिच्या सुनांसमोर. येत्या गुरुवारी साताऱ्याला कान दाखवायला जाणार आहोत. यंत्र लावायला सांगितलं तर लावीन, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

महेंद्रराव लिहितात, इंजेक्शन भरताना बाटलीवरचे आकडे तू तीन-तीनदा वाचतेस आणि घरी येऊन एकच विचारत बसतेस, त्या दिवशी फोनवर मी नक्की काय म्हणाले? याचं उत्तर सगळ्या जगात माझ्याशिवाय कुणाकडं नाही, आणि ते मी चार महिने दाबून ठेवलं. त्यासाठीच हे पत्र. मला माफ कर की करू नकोस, राजीनामा फाड की दे, तुझं तू ठरव. पण तुझ्या तोंडून चुकीचं गेलं, असं समजून ठरवू नकोस. तू पाव म्हणालीस, बाळ. पावच म्हणालीस.

तुझीच,
खोटं बोललेली आई