गल्ली गौरव समितीचा अध्यक्ष

८ जून, सकाळी ६.५०
पाचला उठायचं ठरवलं होतं. उठलो पावणेसातला. दोष माझा नाही, कूलरचा. इतका गार वारा फेकतो की माणूस उठेल कसा? उद्यापासून कूलर एकवर.

ही वही फक्त माझ्यासाठी. तरी भाषा शुद्ध ठेवायची. मले, तुले अजिबात नाही.

विणकर सोसायटीत तीस वर्षं कापड तपासनीस होतो. सोसायटी बुडाली, पण माझ्या टेबलावरून गेलेलं एकही लुगडं परत आलं नाही. आता रिटायर होऊन वर्ष झालं. अंगात दम आहे, डोक्यात अनुभव आहे, आणि डोळ्यांसमोर हे शहर. आमच्या गल्लीत चाळीस हातमाग चालायचे. आता एक उरला, रामाजींचा. बाकीच्यांची पोरं ई-रिक्षा चालवतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकतात आणि म्हणतात, नागपूरचं काही होऊ शकत नाही. होऊ शकतं. सुरुवात आपल्या गल्लीपासून.

नाव ठरलं: गल्ली गौरव समिती. अनुसयाला सांगितलं. ती म्हणाली, आधी न्हाणीघरातली तोटी बसवून द्या. बायकोला घरापलीकडचं दिसत नाही.

११ जून
पहिली सभा. बोलावले साठ, आले पाच. रामाजी (झोपले). अनुसया (चहा द्यायला). मुलगा चेतन (मोबाईलमध्ये). सून रुचिका. आणि एक बाई रेशनकार्डाच्या कामाने आली होती, तिलाही हजेरीत धरलं.

अध्यक्षपदी माझी बिनविरोध निवड. नाव मीच सुचवलं, अनुमोदन रुचिकाने दिलं, टाळ्याही तिनेच वाजवल्या. गुणाची पोरगी. उमरेडची. सहावा महिना संपत आलाय. म्हणाली, बाबा, बाळ शाळेत सांगेल, माझे आजोबा गल्लीचे अध्यक्ष आहेत. या घरात माझी किंमत कळलेली ती एकटीच.

१४ जून
मोठी बातमी. शहरातला एक क्लब 'आदर्श गल्ली' स्पर्धा घेतोय. शंभर मार्क. रंगवलेल्या भिंती, झाडं, झाकलेली नाली, लोकसहभाग. आणि ज्या गल्लीची एकही तक्रार महापालिकेच्या ऑफिसात पेंडिंग नाही, तिला सरळ वीस मार्क. वीस!

ठराव क्रमांक एक: स्पर्धा संपेपर्यंत कोणीही बाहेर तक्रार करायची नाही. घरातलं घरात. त्यासाठी चौकात तक्रार पेटी. किल्ली अध्यक्षाकडे.

१९ जून
नालीवर फरश्या टाकायला देवाजी मिस्त्री आला. काम सोडून तासभर नालीत डोकावत बसला. मग म्हणाला, घराघरातल्या नळाचे पाईप याच नालीतून गेले आहेत, सडले आहेत, दोन ठिकाणी तर बोट जातं. आधी पाण्याच्या ऑफिसला कळवा, पाईप बदलू द्या, मग झाका.

त्याला समजावलं. ऑफिसला कळवणे म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे वीस मार्क गेले. शिवाय तो मिस्त्री, मी तपासनीस. सोसायटीत फॉल्टचं लुगडं आलं की काय करायचो? फॉल्ट आतल्या घडीत, काठ वर. सरकारी इन्स्पेक्टर काठ पाहायचा, शिक्का मारायचा, जायचा. तीस वर्षांत एकदाही पकडलो गेलो नाही. पाईपचं स्पर्धेनंतर पाहू.

देवाजी म्हणाला, "लुगडं नेसतात गा. पाणी पितात."

मिस्त्री लोकांना हल्ली बोलायची फार सवय लागली आहे.

२२ जून
नाली झाकली! वर अकरा कुंड्या. समोरच्या भिंतीवर रुचिकाने स्वतः स्टुलावर बसून रंगवलं: 'आमची गल्ली, आमचं नागपूर'. चेतन तिला ओरडला, या अवस्थेत काहून चढली म्हणून. ती हसली. नंतर फरशीवर मधोमध बसवून तिचा फोटो काढला, मागे मी उभा. ग्रुपवर टाकला. एकोणीस अंगठे आले.

आज साडेसहाला उठलो. प्रगती आहे.

१ जुलै
अनुसया म्हणते नळाच्या पाण्याला वास येतो. मी स्वतः वास घेतला. येतो, पण थोडासा. पावसाळ्यात येतोच. तुरटी फिरव म्हटलं. ती म्हणाली, तुम्हीच फिरवा आणि तुम्हीच प्या.

दुपारी मागच्या वस्तीतली मेघा आली, आशा वर्कर. पाण्याच्या ऑफिसला द्यायला अर्ज लिहून आणला होता, गल्लीच्या सह्या हव्या होत्या. पोरगी कामाची आहे, पण धीर म्हणून नाही. तिला पेटी दाखवली. तिने पेटीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, काका, पाणी उकळा, निदान रुचिकाचं तरी. सिलिंडर किती दिवस पुरेल हे तिला कुठे ठाऊक.

पण एक गोष्ट अभिमानाने लिहून ठेवतो. एकाही घराने तिच्या अर्जावर सही केली नाही. सगळे म्हणाले, अध्यक्षांना विचारा. गल्लीला शिस्त लागली आहे.

९ जुलै
पेटी गच्च भरली. चिठ्ठ्या फटीतून बाहेर येत होत्या, काडीने आत ढकलल्या. याला म्हणतात लोकसहभाग! उघडली मात्र नाही. वाचलं की अध्यक्षाला कारवाई करावी लागते. न वाचलेली चिठ्ठी ही नुसती चिठ्ठी असते. एवढी कामाची अक्कल तीस वर्षांच्या नोकरीने येते.

१३ जुलै, दुपार
रामाजींचे डोळे पिवळे झाले आहेत. कावीळ. मुलाने रामटेकच्या बाजूच्या कुठल्याशा वैदूकडून गळ्यात माळ घालून आणली आहे. माळ वाढत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. खालच्या अंगाला आणखी तीन घरांत उलट्या. संशय पाणीपुरीवाल्यावर. त्याला तातडीने गल्लीबंदी केली. निर्णय घ्यायला अध्यक्षाला वेळ लागत नाही.

रामाजींच्या उशाशी बसून आलो. फार कळवळलो. त्यांना सांगितलं, परवा परीक्षक येतात, तुम्ही आतल्या खोलीतच झोपून राहा, मागावर मी बसतो. त्यांनी मान हलवली. बहुतेक हो म्हणाले.

१५ जुलै
परीक्षक आले. तिघं. एकूण अकरा मिनिटं. कुंड्या पाहिल्या, भिंत पाहिली, मला मागावर बसवून फोटो घेतला (धोटा उलटा धरला होता, त्यांना कळलं नाही). तक्रारी? शून्य! ऑफिसचा कागद दाखवला. मॅडमनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, तुमच्यासारख्या माणसांमुळे शहर उभं राहतं. बरोबर याच शब्दांत.

त्यांना पाणी दिलं, सीलबंद बाटल्यांचं. कालच चौकातून आणून ठेवलं होतं. ते गेल्यावर अनुसया रिकाम्या बाटल्या उचलता उचलता म्हणाली, "पाहुण्याइले बाटलीचं, अन् घरच्या पोटुशीले नळाचं?"

पाहुणचाराची रीत तिला समजावून सांगणार होतो. ती आत निघून गेली.

१९ जुलै
रुचिकाला दोन दिवस उलट्या. या महिन्यांत होतात. अनुसयाला चेतनच्या वेळी झाल्या होत्या.

२० जुलै
डोळे पिवळे. गल्लीच्या डॉक्टरने पाहिलं आणि बसायलाही सांगितलं नाही, म्हणाला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट, असं काहीतरी म्हणाला. हल्लीचे डॉक्टर घाबरवतात.

चेतनने रिक्षा आणली. मी पुढे बसायला गेलो. त्याने माझ्याकडे न पाहता मेघाला बसवलं.

२३ जुलै
आयसीयूच्या बाहेर. काचेतून तिचे पाय दिसतात. ती कोणाला ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले पाण्यातून आलं आहे. मी विचारलं, पाणीपुरीच्या? ते म्हणाले, पिण्याच्या.

दुपारी फोन आला. निकाल. आमच्या गल्लीला तिसरा नंबर. वीसपैकी वीस मिळाले, हिरवळीत मार खाल्ला. चेतनला सांगितलं. वाटलं, तेवढाच धीर येईल पोराला. तो उठून जिन्यात जाऊन बसला.

२५ जुलै
बाळ गेलं. मुलगी होती.

२६ जुलै
काही लिहायचं नाही.

२९ जुलै
रुचिका शुद्धीवर आली. अनुसया आत गेली. मी काचेपाशी उभा राहिलो. तिने बाहेर पाहिलं, मी हात वर केला. नर्सने पडदा ओढला. नर्सची वेळ झाली असेल.

२ ऑगस्ट
गल्लीतल्या बायकांनी पेटी फोडली. मेघाच्या हातात हातोडा होता. किल्ली माझ्या खिशात होती, मागितली असती तर दिली असती. ही पद्धत नाही, असं म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

एकेक चिठ्ठी मेघाने मोठ्याने वाचली. एकतीस. सगळ्या पाण्याच्या. काहींवर सही नव्हती, नियमाप्रमाणे त्या धरता येत नाहीत. चार चिठ्ठ्या तिने वाचल्या नाहीत, माझ्या हातात दिल्या. अक्षर भिंतीवरचं होतं. शेवटच्या चिठ्ठीवर ८ जुलै तारीख आहे. 'बाबा, सकाळच्या पाण्यात पिवळं पिवळं येतं. मी दोनदा गाळून घेते. घरात सांगितलं की आई तुमच्यावर चिडतात, म्हणून इथे लिहिते. स्पर्धा झाली की पाहा हं.'

रोज स्वतः ताट वाढायची मले. तोंडाने काहून नाही सांगितलं?

सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मले माहीत आहे. ते इथे लिहीत नाही.

६ ऑगस्ट
मेघाचा अर्ज गेला. सगळ्या गल्लीने सह्या केल्या. चार दिवसांत माणसं आली, फरश्या उखडल्या, पाईप बदलले, गेली. चार दिवसांत. मी कुंड्या उचलून द्यायला गेलो. देवाजी नालीत उभा होता. त्याने कुंडी घेतली, बाजूला ठेवली, दुसरीसाठी हात पुढे केला. मले वाटलं होतं, बोलेल.

१० ऑगस्ट
रुचिकाला सुट्टी झाली. दवाखान्यातूनच उमरेडला गेली. चेतनही. कपडे न्यायला एकटा आला, दोन बॅगा भरल्या. मी म्हटलं, घर तर इथेच आहे ना. तो म्हणाला, हो, तुमचं.

राजीनामा लिहिला. कोणाकडे द्यायचा कळलं नाही. सध्या वहीत ठेवला आहे.

२१ ऑगस्ट
उद्या पोळा, परवा मारबतीची मिरवणूक. गल्ली यंदा बडग्या काढून राहिली आहे. बऱ्याच वर्षांनी. शहरात जे काही वाईट झालं त्याचा पुतळा करायचा, इतवारीत मिरवायचा अन् जाळायचा. विषय काय ते कोणी सांगत नाही. दूषित पाणी असेल, किंवा ऑफिसचा साहेब. गळ्यातल्या पाटीचा मजकूर मी लिहून देतो म्हणून निरोप पाठवला. अनुभवी माणसाचा उपयोग करून घ्यायला हवा. उत्तर आलं नाही.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
सकाळी ढोल ऐकून दारात आलो. बडग्या हातगाडीवर होता. बांबूचा, पोटात भाताची तणस. चष्मा रंगवलेला. गळ्यात पाटी: 'तक्रार शून्य'. अंगात माझा बदामी शर्ट, खिशाला पेन.

बाकीचा चेहरा कोणाचाही असू शकतो, असं आधी मनाशी म्हटलं. मग अनुसयाला विचारलं, शर्ट कोणी देला. ती म्हणाली, "मागायले आले होते. मीच देला. पेन बी मीच लावला."

दार लावून आत बसणार होतो. नाही बसलो. मागे मागे चाललो. सगळी गल्ली होती, माणसं, बाया, पोरं, मागच्या वस्तीची माणसंसुद्धा. रामाजीही काठी टेकत आले होते. दीडशे तरी असतील. माझ्या सभेत पाच आले होते. वळणावर गाडीचं चाक खड्ड्यात गेलं. कोणीतरी न पाहताच ओरडलं, काका, हात लावा. मी खांदा लावला. गाडी निघाली. रोगराई घेऊन जा गे मारबत, म्हणून सगळे ओरडत होते. मी बी ओरडलो. मग बाजूच्या बाईने मले ओळखलं अन् ती चूप झाली.

जळाला लवकर. तणस कोरडी होती.

घरी येऊन चेतनला फोन लावला. पहिल्यांदाच उचलला त्याने. मी म्हटलं, "चेतन, माझी चूक झाली गा."

मागे रुचिका कोणाशी तरी बोलत होती, आवाज बारीक झालाय तिचा. मग तो म्हणाला, आई कशी आहे. मी म्हटलं, मी बोलून राहिलो ना, तुझा बाप. तो म्हणाला, माहीत आहे. आईले द्या.

अनुसयाले फोन देला.