ओलावीच्या नावाचा निधी

प्रिय सायमा,

आज सरोवरावर इतकं दाट धुकं उतरलंय की कुंपणापलीकडचं काही दिसत नाही. नुसता जहाजांचा भोंगा ऐकू येतो. असल्या दिवशी मला उगीच वाटतं, तुझे बाबा त्या पांढऱ्यात कुठेतरी होडी घेऊन गेलेत, जेवायच्या वेळेला येतील. हसू नकोस. एकटं राहिलं की माणूस असंच काहीबाही धरून बसतं.

आपण धुरी दिलेल्या माशांचं दुकान विकलं ते वर्ष आठवतं ना? चालता चालता बाबांचे पाय आपोआप नाचायला लागले होते आणि धक्क्यावरच्या लोकांना वाटायचं, ओलावी भरदुपारी पिऊन आलाय. हंटिंग्टन या रोगाचं नाव आपण तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं, मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस.

दुकानाचे बरेचसे पैसे बाबांनी डुलुथच्या त्या दानाचे पैसे सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानात निधी म्हणून ठेवले. मी विचारलं, “सरळ कुणाला तरी देऊन मोकळं का होत नाही?” म्हणाले, “आज कोण चांगलं काम करतंय ते मला कळत नाही. इथे एकदा दिलं की दिलं, आपल्याला परत घेता येणार नाही. पण कुठे जावं ते सुचवता येतं. मी नसलो तर तू सुचव. या रोगाच्या मागे लागलेलं कुणीतरी शोध, व्हिएनो.”

बाबा गेल्यावर सात वर्षं मी काहीच सुचवलं नाही. प्रतिष्ठानातली रोझान दर वसंतात फोन करायची. “यंदा तरी काही ठरलं का, काकू? नुसतं पडून राहून त्याचा कुणाला उपयोग?” मी म्हणायची, बर्फ वितळू दे, मग बघू. खरं सांगू? ते पैसे तिथे होते तोवर बाबांचं एक काम बाकी होतं. काम बाकी असलेला माणूस पुरता गेलेला नसतो, असं मला वाटायचं.

यंदा रोझाननेच मला गाडीत घालून मिनिआपोलिसला नेलं. तिथे याच रोगावर काम करणारी इफेओमा नावाची संशोधक आहे, तुझ्याच वयाची. तिने मला सूक्ष्मदर्शकातून मेंदूच्या पेशी दाखवल्या. हिरव्या उजेडाचे बारीक बारीक धागे, एकमेकांकडे हात पसरलेले. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग मी विचारलं, “औषध कधी निघेल?” ती म्हणाली, “तुम्हाला खोटं सांगवत नाही. माझ्या हयातीत निघावं म्हणून रोज येते.” मी न राहवून तुझ्याबद्दल बोलले, मुलगी रक्त तपासूनच घेत नाही म्हणून. ती हळूच म्हणाली, “आमच्याही घरात हा रोग आहे. माझा भाऊही तपासून घेत नाही. मी त्याला विचारणं सोडलं. आता तो रविवारी जेवायला येतो.”

परतीच्या वाटेवर बर्चची झाडं स्वप्नातल्यासारखी मागे सरकत होती आणि मी रोझानला सांगून टाकलं, इफेओमाच्या कामाला पाच वर्षं पुरेल एवढं पाठव. उरलेल्याचं माझ्यानंतर कुणी सुचवायचं, तिथे तुझं नाव लिहिलंय. नको असेल तर कळव, राग नाही. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी ओलावीसाठी पहिल्यांदा मनसोक्त रडले. आता तो खरा गेला.

पण हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तीन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला तुझ्या हातातून कॉफीचा कप निसटला आणि सगळे हसले. मी हसले नाही. मी तुझ्या बोटांकडे बघत राहिले, दोन दिवस, तू भांडी घासताना, केस बांधताना. तुला ते दिसलं. तेव्हापासून तू घरी आली नाहीस. चुकले गं, सायमा. तू तपासायच्या आधीच मी तुझा निकाल ठरवायला निघाले होते. पुन्हा कधी तपासणीचं विचारणार नाही. जूनमध्ये ये. वाफ घ्यायला सौनाची खोली तापवते, राय धान्याची काळी भाकरी करते. फोड ना हवे तेवढे कप. मी तुझ्या तोंडाकडे बघेन. किती दिवसांत नीट पाहिलंच नाही.

तुझीच,
आई